बाबांना ग्रुपमधून काढलं आणि सांगितलं, नेटवर्क गेलंय

ताई, नमस्कार.

माझं वय 46. जन्म इंदूरचा, सासरही इंदूरचंच. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बाबा आमच्याकडे असतात. ते 77 वर्षांचे आहेत. बँकेत नोकरी केली, युनियनचं काम केलं. विचारांनी पहिल्यापासून मोकळे. माझ्या लग्नात पत्रिका बघितली नाही. मित्रमैत्रिणींची जात विचारायची नाही, हे आम्हा भावंडांना लहानपणीच बजावून ठेवलं होतं. त्याचा मला अभिमान आहे.

पण आता त्यांची मतं घरात अडचणीची झाली आहेत. यांचा पाइप-फिटिंगचा धंदा आहे, गिऱ्हाईक बहुतेक नगर निगमचे (महापालिकेचे) ठेकेदार. दीर पक्षाचं काम करतात. बाबांनी 2024 ला नोटा दाबला आणि ते सगळ्या गल्लीला सांगितलं. बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखलेला मार्ग, तोडायचं ठरलं तेव्हा भरल्या ताटावर यांच्याशी वाद घातला. या रामनवमीला कुटुंबाच्या ग्रुपवर मंदिरातल्या बावडीच्या (जुन्या विहिरीच्या) 2023 च्या अपघाताबद्दल लांबलचक लिहिलं आणि शेवटी, "36 माणसं गेली त्या दिवशी आपण शोभायात्रेचे फोटो टाकतोय." नणंदेने तासाभरापूर्वीच नातीचा फोटो टाकला होता. दीर ग्रुप सोडून गेले. मग नणंदेच्या सांगण्यावरून मी बाबांना ग्रुपमधून काढलं. त्यांनी विचारलं तर मी म्हणाले, नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. ते रोज सकाळी फोन बंद करून पुन्हा चालू करून बघतात.

मुलगा 16 वर्षांचा आहे. आजोबांचं ऐकून वर्गात वाद घालतो. शाळेतून फोन आला, घरी काय बोलता म्हणून.

बाबांना घरात राजकारण बंद करा असं कसं सांगू? बीपी वाढतं, बातम्या बघू नका, असं सांगून झालं. (त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा मला चुकीचं वाटत नाही, पण प्रश्न तो नाही.)

एक मुलगी, इंदूर

*

प्रिय मैत्रिणी,

बाकी सगळं नंतर. आधी तो फोन.

कुणाला ग्रुपमधून काढलं की त्या माणसाच्या फोनवर, ग्रुपच्या तळाशी, तशी ओळ येते. जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाने ती ओळ वाचली नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तरी ते रोज सकाळी फोन बंद करतात आणि चालू करतात. मला वाटतं, तुम्ही नेटवर्क म्हणालात म्हणून ते नेटवर्क धरून चालले आहेत. लेकीला खोटं पाडायचं नाही, एवढ्यासाठी. हे आजच थांबवा. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, "बाबा, नेटवर्क ठीक आहे. मी काढलं तुम्हाला. वन्संनी सांगितलं, मी ऐकलं आणि तुमच्याशी खोटं बोलले." पुढे "पण" लावू नका. रागावले तर रागावू द्या. दोन दिवस अबोला धरला तर धरू द्या. माझं पुढचं सगळं सांगणं यानंतरचं आहे.

आता तुमच्या पत्रातला कंस. त्यांचं म्हणणं तुम्हाला बहुतेक वेळा चुकीचं वाटत नाही, असं तुम्ही त्यात लिहिलंत आणि लगेच म्हणालात, प्रश्न तो नाही. माझ्या मते प्रश्न तोच आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नवऱ्याचं मत त्यात आहे, दिरांचं आहे, नणंदेचं आहे, शाळेचंसुद्धा आहे. तुमचं मत कंसात आहे. ते कधी जेवणाच्या टेबलावर तुमच्या तोंडून आलंय का? "बाबा, एवढं तुमचं मला पटतं," असं सगळ्यांसमोर कधी म्हणालात का? आला असता तर तो प्रसंग तुम्ही लिहिला असता.

टेबलावर चार माणसं. एक विरोधात बोलतो, एक सोळा वर्षांचा आहे, एक गप्प पोळ्या वाढते. चौथा माणूस 77 वर्षांचा आहे आणि आपलं म्हणणं कुणापर्यंत पोचतंय का, हे त्याला कळत नाही. म्हणून तो पुन्हा सांगतो, जरा मोठ्याने सांगतो, मग ग्रुपवर लिहितो. तुम्हाला ही कटकट वाटते. मला यात एकटा पडलेला माणूस दिसतो.

आणि तो नेहमी एकटा नव्हता, हे विसरू नका. आज 77 म्हणजे 1970 साली ते एकवीस-बावीस वर्षांचे. इंदूरच्या त्या वयाच्या पोराने तेव्हा काय पाहिलं असेल? नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून त्या वर्षी इंदूर रस्त्यावर उतरलं होतं. विद्यार्थी, गिरणी कामगार, दुकानदार, घराघरातल्या बायका, वेगवेगळ्या पक्षांचे लोक. आणि पाणी आलं. 1978 साली, जलूदहून, साधारण सत्तर किलोमीटर लांबून, मधे विंध्याचा चढ चढून. आज तुमच्या नळाला येतं ते पाणी लोकांनी मागून, भांडून आणलेलं आहे. ज्याने आपल्या विशीत हे घडताना पाहिलं, त्याला "बोलून काय होणार आहे?" हे वाक्य कळतच नाही. ते त्याच्या अनुभवात बसत नाही.

होमी दाजी 1962 मध्ये इथून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, तेव्हा तुमचे बाबा शाळकरी असतील. गिरणी कामगारांचा पुढारी, जन्माने पारशी. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांचे भोंगे वाजायचे त्या इंदूरचा खासदार. मग 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्यानंतर युनियन, 1975 ला आणीबाणी. लोक बोलायचे बंद झाले की काय होतं, हे त्या पिढीने पुस्तकातून शिकलेलं नाही. रोज सकाळी नईदुनिया हा हिंदी पेपर यायचा. त्यातली वाचकांची पत्रं लोक बातम्यांच्या आधी वाचायचे आणि त्या पत्रांना उत्तर देणारी पत्रं चार दिवसांनी यायची. संपादकपदावर राहुल बारपुते, म्हणजे मराठी घरातला माणूस, हिंदी पत्रकारितेचा कणा. बाबांच्या मतांना तेव्हा जागा होत्या. बँकेतली जेवणाची सुट्टी, युनियनची खोली, ओटला, पेपरातलं पत्र. तिथे समोरचा त्यांच्याइतकाच हट्टी असायचा आणि तोडीस तोड उत्तर द्यायचा. मग ते घरी यायचे तेव्हा बरेच मोकळे झालेले असायचे. तुमच्या आईने ऐकलं ते उरलंसुरलं.

आता त्या सगळ्या जागा मिळून एक जेवणाचं टेबल उरलंय आणि एक ग्रुप होता, तो तुम्ही बंद केलात.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमची ओढाताण मला कळते. एकीकडे वडील, एकीकडे घर चालवणारा धंदा, मधे तुम्ही. धंद्याची भीती खरी आहे. एखाद्या ठेकेदाराला कुणी स्क्रीनशॉट दाखवला, बिल दोन महिने लांबलं, की घरात काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या एका काकांचं दुकान सरकारी ऑर्डरींवर चालायचं. त्यांच्या घरात राजकारणाचा शब्द निघाला की काकू उठून खिडकी लावून घ्यायच्या. पोरं हसायची. मी मोठी झाल्यावर मला त्या खिडकीचं हसू आलं नाही.

पण ही भीती तुम्ही बाबांना सांगितलीच नाही. त्याऐवजी बीपी सांगितलंत. त्यातून त्यांना एवढंच कळलं की लेक आपल्याला म्हातारा समजते. खरं सांगून बघा. "बाबा, यांचं बिल अडकेल याची मला भीती वाटते." आयुष्यभर लोकांच्या पगारासाठी आणि बढतीसाठी भांडलेल्या माणसाला पोटाचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. घरात काहीही बोलायला मोकळीक, बाहेरच्या ग्रुपवर पार्षदाचं (नगरसेवकाचं) किंवा ठेकेदाराचं नाव घेऊन लिहायचं नाही, एवढं त्यांच्याकडे मागा. ते देतील. आणि हे तुमच्या यजमानांनी स्वतः मागितलं तर जास्त चांगलं. सासऱ्यांशी त्यांचा सगळा संवाद तुमच्यामार्फत चाललेला दिसतो. त्या कामातून तुम्ही बाजूला व्हा.

आता ती तीन भांडणं. मला तिन्ही सारखी वाटत नाहीत.

नोटाचं भांडण मला भांडणच वाटत नाही. 29 एप्रिल 2024 ला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. 13 मेला मतदान झालं तेव्हा 2,18,674 जणांनी नोटा दाबला. त्याआधीचा देशातला विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, 51,660 चा. शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आले, तेही विक्रमीच. म्हणजे बाबा काही जगावेगळं वागले नाहीत, त्यांच्यासोबत सव्वादोन लाखांच्या आसपास इंदूरकर होते. दिरांनी विषय काढलाच तर त्यांना शांतपणे आठवण करून द्या की त्या वेळी सुमित्राताई महाजनांनीही हे व्हायला नको होतं, असं उघड म्हटलं होतं. 1989 पासून आठ वेळा इथून निवडून आलेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झालेल्या, त्याच पक्षाच्या ताई. मतदाराला निवड राहिली पाहिजे, असं वाटायला पक्ष बदलावा लागत नाही. दिरांशी बोलायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. मत गुप्त ठेवायचं की गल्लीत सांगायचं, हा ज्याचा त्याचा हक्क. बाबांनी सांगितलं, सांगू द्या.

बीआरटीएसचं भांडण मात्र मला मनापासून आवडलं. दोघेही स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीवर भांडत होते, असं राजकारणाच्या वादात फार क्वचित होतं. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, 2013 साली सुरू झालेला मार्ग. बाबा आयबसने जात असणार. मधल्या मार्गिकेतून बस सरळ जायची, उन्हाळ्यात एसी, बसायला जागा, भाडं परवडणारं. म्हाताऱ्या माणसाला कुणाच्या गाडीची वाट न बघता पलासियाला उतरता यायचं. आणि तुमचे यजमान? त्यांचा माल टेम्पोत, टेम्पो बाजूच्या गर्दीत अडकलेला, शेजारी मोकळी मार्गिका दिसतेय आणि तिच्यात शिरायचं नाही. रोज पाऊण तास वाया. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांनी मार्ग काढून टाकायचं जाहीर केलं, 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. एकाला वाटलं, हातातली काठी काढून घेतली. दुसऱ्याला वाटलं, सुटलो बुवा.

यात कोण बरोबर, हे मी सांगू शकते. माझं मत बाबांच्या बाजूचं आहे. बसमध्ये पन्नास माणसं असतात आणि गाडीत बहुतेक वेळा एक, तर रस्त्यात पहिला वाटा बसचा, असं मला वाटतं. पण टेम्पोचा पाऊण तासही खरा आहे आणि बाबांनी तो कधी विचारला नसावा. त्या दोघांना एकदा एकाच गाडीत घालून भंवरकुव्यापासून विजयनगरपर्यंत पाठवा, संध्याकाळी साडेसहाला. बाबांनी टेम्पोवाल्याची अडचण मोजावी. यजमानांनी बघावं, की बसला वेगळी वाट नसताना 77 वर्षांच्या माणसाने उभं कुठे राहायचं आणि रस्ता ओलांडायचा कसा. परत येताना दोघे वेगळं बोलतील, अशी मी हमी देत नाही. पण दोघांनी तोच रस्ता पाहिलेला असेल.

राहिली बावडी.

30 मार्च 2023. रामनवमी. पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं. खाली जुनी बावडी होती, तिच्यावर स्लॅब टाकून जागा केलेली. माणसं बसली, स्लॅब खचला. 36 माणसं गेली. बांधकामाबद्दल निगमची नोटीस त्याच्या आदल्या वर्षीच निघालेली होती, ती कागदावर राहिली. तो दिवस मला आठवतो. संध्याकाळपर्यंत आकडा थोडा होता आणि रात्री बावडीचं पाणी उपसायला लागले तसा वाढत गेला. शहरात कुणी नीट जेवलं नव्हतं. स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. आपल्याच पायाखाली काय आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं.

त्या दिवसाची आठवण ठेवा, असं बाबा म्हणत असतील तर त्यांचं बोट बरोबर जागी आहे. यात पक्ष नाही. नोटीस निघाली तर पुढे काय झालं, हे विचारायला कुठल्याही पक्षाचं असावं लागत नाही.

पण शेवटचं वाक्य त्यांनी लिहायला नको होतं, आणि हे त्यांना सांगायची हिंमत तुम्ही केली पाहिजे. "आपण फोटो टाकतोय" म्हणताना त्यांच्या मनात सगळं शहर असेल. वाचणारीच्या डोळ्यांसमोर तासाभरापूर्वी स्वतः टाकलेला नातीचा फोटो होता. तिथून पुढे बावडीबद्दल कुणी वाचलं नसणार. 36 हा आकडा एकटा पुरेसा होता, त्याच्यापुढे मुलीचा फोटो उभा केला आणि आकडा मागे गेला. बाबांनी युनियनच्या नोटिशी लिहिल्यात ना? मागणीच्या कागदावर टोमणा मारला की मॅनेजर टोमण्याला उत्तर देतो आणि मागणी बाजूला पडते, हे त्यांनी शिकाऊ पोरांना शिकवलं असेल. तेच त्यांना सांगा. त्यांच्या भाषेत सांगितलं तर लागेल, पण पटेल. नणंदेला त्यांनी स्वतः फोन करून एवढंच म्हणावं, "बेटा, फोटो छान होता, माझा शब्द चुकला." बावडीबद्दलचा शब्द मागे घ्यायची गरज नाही.

मुलाबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे, त्यासाठी माझी एक गोष्ट सांगते.

माझं पहिलं मत 1989 चं. त्याच वर्षी मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, म्हणून 19 व्या वर्षी माझं नाव यादीत लागलं. आमच्या घरी मतं तुमच्या बाबांसारखी. आम्ही रामबागेत राहायचो. माझे बाबा आणि मी चालत शाळेत जाऊन मत दिलं. येताना त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, सुमित्राताईंना दिलं. बाबांनी काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींना दिलं होतं, ते त्यांनी आधीच सगळ्यांना सांगितलेलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "का दिलंस ते सांग." मी जमेल तसं सांगितलं. त्यांना त्यातलं काही पटलं नसणार. घरी आल्यावर त्यांनी पेपर उघडला, पहिलं पान वेगळं काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. तोवर पहिलं पान आधी त्यांचं असायचं, मग दादाचं, आणि मला आतलं मिळायचं. त्या दिवसापासून ते आधी माझं झालं. नंतरच्या काळात माझी मतं कितीदा बदलली, काही त्यांच्याजवळ आली, काही आली नाहीत. पण "का?" असं विचारल्यावर सांगता आलं पाहिजे, ही सवय त्या पानाबरोबर लागली ती लागलीच.

तुमचा मुलगा दोन वर्षांत मत देईल. आजोबांचं मत त्याच्या तोंडी आहे, यात वाईट काही नाही, सोळाव्या वर्षी कुणाचं तरी असतंच. पण त्याला मताच्या मागचं कारण येतंय का, ते बघा. बाबांना सांगा, त्याला निष्कर्ष देऊ नका, त्याला विचारा, तुला काय वाटतं आणि का. त्याने वडिलांच्या बाजूने उत्तर दिलं तरी ऐकून घ्या. मोकळ्या विचारांच्या माणसाची खरी कसोटी नातू विरुद्ध बोलतो तेव्हाच लागते, आणि तुमचे बाबा त्यात नापास होतील असं मला वाटत नाही. तुमच्या यजमानांनीही मुलासमोर आपलं मत मांडलं पाहिजे, चिडून ताट सरकवून नाही, मांडून. आत्ता मुलाला एका बाजूने आजोबांचे शब्द ऐकू येतात आणि दुसऱ्या बाजूने नुसती आदळआपट. तो शब्दांकडे जाणारच.

शाळेला घाबरू नका. बाईंना भेटा आणि विचारा, तो नेमकं काय बोलला. उद्धटपणा केला असेल तर त्याला माफी मागायला लावा. नुसता प्रश्न विचारला असेल तर नमस्कार करून घरी या, त्याला काही बोलू नका.

आता बाबांसाठी जागा. त्यांना कुठेतरी गुंतवा असं मी म्हणत नाही, तो शब्द मला आवडत नाही. पण त्यांच्या वयाची, त्यांच्याशी वाद घालू शकणारी माणसं शहरात आहेत. महाराष्ट्र साहित्य सभेत या, सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला या, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत जे राजकारण चालतं ते जाऊन ऐका. सकाळी बागेत चक्कर मारून पोहे-जिलबीच्या ठेल्यावर उभे राहणारे जुने बँकवाले त्यांना अजून भेटू शकतील. तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी नेऊन सोडा, पुढे त्यांचे ते बघतील.

आणि एक काम त्यांना खरंच द्या. बावडी त्यांना झोपू देत नाही ना? तर त्यांनी ग्रुपवर लिहू नये, निगमला लिहावं. आपल्या वॉर्डात जुन्या विहिरी आणि बावड्या किती, त्यातल्या झाकलेल्या किती, शेवटची तपासणी कधी झाली, कुणाला नोटीस दिली आणि पुढे काय केलं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत हे विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात, तिथेही आवेदन देता येईल. शहरात 85 वॉर्ड आहेत, बाबांनी एकाचं विचारलं तरी पुष्कळ झालं. आवेदन हिंदीत लागेल. बाबा सांगतील, नातू टाइप करेल, त्याला कळेल की आजोबांच्या मताला कागद कसा लागतो. यजमानांना पाइपलाइनींची माहिती आहे, कुठल्या गल्लीत खोदताना जुनी विहीर लागली ते त्यांना बरोबर ठाऊक असेल. विचारून बघा. मला वाटतं, ते सांगतील.

कागदाखाली बाबांची सही असेलच. तिच्या खाली थोडी जागा सोडायला मुलाला सांगा. या मंगळवारी जमलं नाही तर पुढच्या, पण तिथे तुमचं नाव यावं, असं मला फार वाटतं.

तुमची,
ताई